कुंभारणीचं घर

आमच्या शारा गावात जमीन पांढरी.
चुनखडीची फरशी, चुनखडीची भिंत,
दुपारी डोळे किलकिले करायला लावणारी.
तिच्यावर काळा थेंब लपत नाही.

साल्वूची मॉरिस मायनर
त्या फरशीवर रोज रात्री सही करायची.
पाच थेंब, कधी सात,
आणि रविवारी चर्चला जाऊन आली
की तळहाताएवढं तळं.

गुडघ्याच्या ऑपरेशनपायी दोन वर्षं गाडी उभी होती.
साल्वू उठला, तो थेट तिच्याखाली जाऊन आडवा झाला.
झाकणाखालचं कॉर्कचं गॅसकेट बदललं.
टायमिंग कव्हरचं नमद्याचं सील बदललं.
सम्पचे बोल्ट आवळले,
इतके आवळले की पत्रा वाकला
आणि नव्या जागेवरून गळायला लागलं.
मी म्हटलं, आता गप बस.
तो बसला नाही. खालीच झोपला.

चुलतभाऊ झेपी खाली वाकलासुद्धा नाही.
मागचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागेल,
क्रेनचे पैसे आधी.

मग मी विस्तिनला बोलावलं.
चौतीस वर्षं गोदीत काढलेला, आता एक्याऐंशीचा,
बोलतो असं की प्रत्येक शब्दाला बंदरात जकात भरावी लागते.

'धुवा.'

मी रॉकेल आणि ब्रश घेतला.
सणाच्या आदल्या दिवशी जिना घासतो तसं
ते इंजिन घासलं, कोपरापर्यंत काळी झाले.
मग नातवाची पावडर, अख्खा डबा.
बाप्तिस्म्याला निघालेल्या बाळासारखं गोरं झालं ते,
आणि आम्ही तिघं दीपगृहाच्या रस्त्याने
एक चक्कर मारून आलो. कुणी बोललं नाही.

विस्तिनने टॉर्च धरला.
'तेल खाली सापडतं, पण खाली जन्मत नाही.
वाऱ्याने मागे जातं, वजनाने खाली येतं.
वर बघ. पुढे बघ. पहिला ओला डाग शोध.'

मी शोधला. पहिला नव्हताच.
प्रत्येक सांध्याला पावडर भिजलेली,
सगळीकडून सारखाच घाम.

'एका जागी गळलं तर सील.
सगळीकडून गळलं तर...'
वाक्य तिथेच टाकून
त्याने चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडलं.
गरम वाफ माझ्या तोंडावर, चष्मा आंधळा.
त्याने भोकावर तळहात ठेवला.
तळहात उचलला गेला.
'कोंडलंय.'

बाजूच्या झाकणातून खाली उतरणारा पाइप,
इंजिनाचं नाक म्हणा हवं तर.
स्क्रूड्रायव्हर आत जाईना.
ठोकला, तेव्हा फरशीवर माती पडली,
आमच्याच शेताची लाल माती,
आणि तिच्यात तीन बोटभर खोल्या,
प्रत्येकीत वाळलेल्या कोळ्यांचे पाय.

कुंभारीण.
साल्वू पलंगावर असताना
तिने तिथे संसार थाटला, पोरं वाढवली, सोडूनही गेली.

साल्वू बराच वेळ ती एक खोली हातात धरून बसला.
तीन गॅसकेटं, एक वाकलेला सम्प, क्रेनचा बयाणा.
(बयाणा झेपीने अजून दिलेला नाही.)

आता रात्री एक थेंब पडतो.
विस्तिनला विचारलं तर म्हणाला,
मागे सील नसतंच या इंजिनाला.
दांड्यावर आटे कोरलेत,
फिरत असतात तोवर तेल आत ओढतात.
थांबलं की एखादा सुटतो.
ते दुखणं नाही.
मग काय आहे ते?
पण तो टोपी शोधायला लागला होता.

मी खाली पुठ्ठा ठेवते, पेन्सिलने वार लिहिते.
मंगळवार एक. बुधवार एक.
गुरुवार दोन, पण गुरुवारी ऊन फार होतं.

पाइपच्या तोंडाला साल्वूने जाळी बांधली.
दुसऱ्याच दिवशी कुंभारीण
गॅरेजच्या कुलपात माती भरताना दिसली.
तो बघत उभा राहिला, फडकं हातात,
हाकललं नाही.

आम्ही सध्या मागच्या दाराने जातो.